हरळीचं लॉन

हरळी मुद्दाम लावतात, असं लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझं माहेर पातुराकडचं. ज्याचं शेत काळ्या मातीत आहे त्याला विचारा हरळी काय चीज आहे ते. वर दिसते बोटभर आणि तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालच्या मुळ्या, हातभर खाली गेलेल्या असतात. कापसाच्या ओळीत शिरली की कापूस पिवळा पडतो. चैत्र-वैशाखात जमीन तापून दगडासारखी झाली की आमच्याकडे हरळी खणायचं काम निघे. वडील कुदळीनं ढेकळं उलथत, आई आणि मी त्यातल्या काशा वेचून बांधावर टाकत असू आणि वाळल्या की पेटवून देत असू. एखादी राहून गेली तर पहिल्या सरीला पुन्हा हिरवीगार. वडिलांची कंबर त्या खणण्यानंच गेली. पुढं पुढं त्यांना खाटेवरून उठायलाही कुणीतरी हात द्यावा लागे.

तेच गवत माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, अमरावतीत दारापुढं लावलं, आणि माझ्या हातानं लावून घेतलं. राग विझत जातो असं लोक सांगतात. मी आता म्हातारी झाले, लिहायला उशिरा शिकले, अक्षर अजून वाकडं आहे. पण माझा राग विझलेला नाही.

अकोल्याजवळच्या एका गावात मला दिलं. घरात दोघे भाऊ. धाकटे ते माझे घरधनी आणि थोरले ते माझे भासरे. आमच्याकडे बाई भासऱ्यासमोर जात नाही. जावंच लागलं तर पदर नाकापर्यंत ओढून, भिंतीच्या कडेकडेनं. बोलणं तर नाहीच. काही सांगायचं असलं तर दाराला सांगायचं, चुलीला सांगायचं, आणि भासऱ्यानं ते ऐकायचं. कितीतरी वर्षं मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. त्यांचे जोडे तेवढे ओळखीचे होते.

मग कापसाचे दिवस आले. दूर अमेरिकेत आपसात लढाई जुंपली आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा दिसत होतं ते एवढंच, की ज्या कापसाला कुणी विचारत नव्हतं त्यासाठी व्यापारी बांधावर येऊन बसू लागले. गायरानं नांगरली गेली. ज्वारीच्या शेतात कापूस उभा राहिला. गादीत भरायला थोडा कापूस मागितला तर लोक असे बघत, जसं काही अंगावरचं सोनं मागितलं. भासरे बोलण्यात हुशार. ते अमरावतीला जाऊन अडते झाले आणि बघता बघता शहराच्या परकोटाबाहेर, साहेब लोकांच्या बंगल्यांच्या अंगाला, त्यांनी कौलारू घर बांधलं. मग निरोप आला, "शेत बटईनं द्या अन् इकडं या. मले घरचं माणूस पाहिजे."

घरधन्यांना भावानंच लहानाचं मोठं केलेलं. भावाच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत. आम्ही बैलगाडी जुंपली आणि अमरावतीला आलो.

तिथं माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. घरापुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी वांगी, मिरच्या, अंबाडी लावली होती; कुंपणावर वालाचा वेल चढवला होता. त्या मोठ्या घरात तेवढीच जागा त्यांना आपली वाटे. एका सकाळी भासरे कापूस घेणाऱ्या साहेबाच्या बंगल्यावरून आले आणि जोडे काढायच्या आधीच म्हणाले, "हे सारं उपटून टाका. इथं लॉन करायचं."

"लान म्हंजे काय?" जाऊबाईंनी विचारलं.

"गवत."

"गवत? खायाले कोनाले?"

"खायाले नाही. पाहाले."

जाऊबाईंना वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी दोन गडी आले आणि फुलावर आलेली वांगी त्यांनी मुळासकट उपटली. जाऊबाई खाली वाकून कोवळी, अंगठ्याएवढी वांगी पदरात गोळा करत राहिल्या. त्यांच्या जागी मी असते तर गड्यांच्या हातचं खोरं हिसकलं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. पण मीही दारातच उभी होते.

हरळीच्या काशा खेड्यावरून बायांनी टोपल्या भरभरून आणल्या. त्यातली एक म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली.

"माय, आमी हे जाळतो," ती म्हणाली. "तुमी लावून काहून राहिल्या?"

काय सांगणार? मी पावसाच्या चिखलात उकिडवी बसून काशा खुपसत होते. माझ्या वडिलांच्या कंबरेवर बसलेलं ते गवत मी माझ्याच बोटांनी मातीत घालत होते आणि प्रत्येक काशीला एक शिवी देत होते. शिव्या मातीला ऐकू जात नाहीत. गवत जोमानं आलं.

ते पहिलं वर्ष मी ते विळ्यानं कापत असे. सकाळी बसलं की ऊन चढायच्या आत सगळं कापून होई. जागा ती केवढी! चार खाटा टाकल्या तर भरेल असं जाऊबाई म्हणत; तेवढं लहान नव्हतं, पण मोठंही नव्हतं. कापलेलं गवत मी म्हशीला टाकायची. गायरानं नांगरली गेल्यामुळं हिरवा चारा कुठं मिळत नव्हता. म्हैस त्यावर तुटून पडे. तेवढं एक बरं वाटायचं, की चला, पाहायच्या गवतानं कुणाचं तरी पोट भरलं.

उन्हाळा आला आणि विहिरीनं तळ गाठला. आमच्या शेजारी पिंजाऱ्यांचं घर होतं. कापूस पिंजून गाद्या भरणारी माणसं. आता कापूस सारा विलायतेला चाललेला, त्यांची धनुकली खुंटीला टांगलेली. त्या घरची बाई माझी मैत्रीण झाली होती. ती नेहमी आमच्या विहिरीवर घागर भरायला येई. भासऱ्यांनी तिचं येणं बंद केलं. पाणी आटतं म्हणाले. आणि तेच पाणी रोज संध्याकाळी जाऊबाईंनी आणि मी शेंदून गवतावर ओतायचं! तापलेल्या काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडल्या होत्या. घागर ओतली की ती भेग नुसती घोट घेई. पिंजारीण कुंपणापलीकडून बघत होती.

"बहेन, घासले पानी पाजून राहिल्या," ती म्हणाली, "अन् माह्या लेकराले एक घागर नाही?"

मी त्या दिवशी तिला कुंपणावरून घागर दिली. भासऱ्यांना कळलं. त्यांनी मला काही म्हटलं नाही, म्हणता येतच नव्हतं. त्यांनी घरधन्यांना म्हटलं, आणि घरधन्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. माझ्या जिवाची तडफड त्या मान खाली घालण्यानं व्हायची. "तुमी बोलत काहून नाही?" मी विचारी. ते म्हणत, "दादा हायेत."

पुढच्या पावसाळ्यात ते यंत्र आलं. मुंबईहून. आगगाडी अजून आमच्यापर्यंत पोचली नव्हती. जिथवर आली होती तिथून ते बैलगाडीत चिखल तुडवत आलं. हिरवा रंग, दोन लोखंडी चाकं, मधे पीळ दिलेल्या पात्यांचा रूळ, मागं लाकडाचा लांब दांडा. दांडा धरून ढकललं की चाकांबरोबर पाती फिरत आणि खालच्या पट्टीवर गवत कातरलं जाई. आवाज असा, की जात्यात कुणी खडे दळतंय. आख्खी आळी बघायला जमली. भासरे लग्नातल्या यजमानासारखे मिरवत होते.

जे काम मी एका विळ्यानं सकाळच्या पारी गाणी म्हणत करत होते, त्याला आता दोन माणसं लागू लागली. साहेबाच्या देशात जमीन कशी असते मला ठाऊक नाही. आमची काळी माती ओली असली की ते धूड रुतून बसे आणि सुकली की त्याचं चाक भेगेत अडके. एकट्याला ढकलवेना. मग पुढं दोर बांधला. एकानं मागून ढकलायचं, दुसऱ्यानं छातीवर दोर घेऊन पुढून ओढायचं. शिवाय कातरलेल्या गवताचा भुगा व्हायचा, त्याला तेलाचा वास. मी म्हशीपुढं टाकला. तिनं हुंगला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच शरमले.

दोर ओढायला ठेवलेला माळी आठवड्यात पळाला. जाताना सांगून गेला, "मी माळी हाय, बैल नाही." दुसरा कुणी मिळेना. हाताला काम नाही असा माणूसच उरला नव्हता. कुणी कापसाच्या गाठी बांधायला, कुणी आगगाडीच्या सडकेवर. मागून ढकलायला भासऱ्यांच्या कापसाच्या वखारीतला एक हमाल यायचा. पुढं कोण?

"तू धर रे तात्पुरता," भासरे घरधन्यांना म्हणाले.

त्यांनी दोर उचलला.

पहिल्यांदा ओढून आले तेव्हा खांद्यावर दोराचा लाल वळ होता. मी तेल-हळद लावली. पुढच्या खेपेला कातडं सोललं. मी बोलत होते, चिडत होते, भांडी आपटत होते. ते म्हणत, "शेतात नाही का ओढत आपन?" शेतातली गोष्ट वेगळी, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही.

दसऱ्याच्या आगेमागे तो साहेब आपल्या मडमेला घेऊन चहाला आला. अंगणात सतरंजी, खुर्च्या, चिनीमातीची भांडी. आदल्या दिवशी पाऊस झालेला. भासऱ्यांना यंत्र चालवून दाखवायचंच होतं. मी आणि जाऊबाई दाराआड उभ्या होतो.

घरधन्यांनी छातीवर दोर घेतला. हमालानं मागून दांडा धरला. थोडं अंतर गेले आणि यंत्र रुतलं. त्यांनी जोर केला, पाय घसरले, ते एका गुडघ्यावर आले. साहेब हसला. तो वाईट हसला असं मी म्हणणार नाही. एखादं ढोर घसरलं तर माणूस हसतो तसा हसला. आणि त्याला हसताना बघून माझ्या भासऱ्यांना चेव आला. त्यांनी खुर्चीवरूनच जीभ टाळूला लावून आवाज केला, टक् टक्, आणि म्हणाले, "हां, चाल राजा! चाल!"

आमच्या घरच्या बैलाला ते असेच हाकत.

मी आत गेले. चुलीजवळ विळा होता तो घेतला. जाऊबाईंनी माझा हात धरला. तो मी सोडवला की त्यांनीच सोडला, ते मला अजून सांगता येत नाही. मी अंगणात उतरले. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. सरळ गवतावरून चालत गेले, दोराला विळा लावला आणि ओढला. दोर तुटला. मग वळून मी आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"हे तुमचे भाऊ हायेत," मी म्हटलं. "बैल पाहिजे असन तं बाजारात भेटते."

मडम आपल्या बुटांकडे बघत होती. भासरे लालबुंद झाले, पण माझ्याशी बोलायचं तर त्यांनाही बंधन. ते भावाला म्हणाले, "तुह्या बायकोले आत ने." मग साहेबाकडे वळून हसत हसत त्याला काहीतरी सांगू लागले.

मी घरधन्यांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता ते उठतील, माझ्याबरोबर चालू लागतील. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काहून आलीस तू?" ते दात आवळून म्हणाले. "आत जाय."

आणि खाली वाकून त्यांनी तुटलेल्या दोराची दोन टोकं उचलली. त्यांना गाठ मारली. ती ओढून बघितली. दोर पुन्हा छातीवर घेतला आणि कुंपणापर्यंतचा तो पट्टा पुरा केला. जात्यातल्या खड्यांचा तो आवाज मी विळा हातात धरून तिथंच उभी राहून ऐकला. भासऱ्यांचा राग मला आधीपासून होता. त्या दिवसापासून तो दोघांत वाटला गेला, आणि मोठा वाटा कुणाकडे गेला ते सांगायला नको.

संध्याकाळी जाऊबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली मले या घरात. माह्या तोंडून असं कवा निघालं नाही." बस्स, एवढंच. पण दिवाळी सरली, पाऊस गेला, गवताला पाणी लागू लागलं, आणि जाऊबाईंनी घागर उचलली नाही. भासऱ्यांनी विचारलं तेव्हा चुलीसमोरून न उठता म्हणाल्या, "ते पाहाचं गवत हाय ना? ज्याले पाहाचं त्यानं शेंदावं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कुंपणाशी जाऊन पिंजारणीला हाक मारली आणि विहिरीवर बोलावलं. भासऱ्यांनी आदळआपट केली, मग गवताला पाणी घालायला एक पखालवाला लावला. मी हसले. त्या घरात मी हसले ते तेव्हाच.

घरधनी मात्र ओढतच राहिले. आमच्यात बोलणं कामापुरतं.

थंडीत एक दिवस भासरे बाजारातून आले. त्यांच्या हातात चामड्याचा रुंद पट्टा होता, आतून लोकरीचा मऊ नमदा लावलेला, दोन्ही बाजूंना कड्या. मोच्याकडून मापानं शिवून घेतला होता.

"दोरानं लागते म्हणे तुले," ते भावाला म्हणाले. "हे घाल. आता किती का ओढ, काही होत नाही."

ते प्रेमानं बोलत होते. हे मी अगदी खरं लिहिते. त्यांच्या आवाजात माया होती. म्हणूनच अंगावर काटा आला. घरधन्यांनी पट्टा हातात घेतला, आतल्या नमद्यावरून बोटं फिरवली, कड्या बघितल्या. मग तो ओसरीतल्या खुंटीला टांगून ते आत आले आणि मला म्हणाले, "सामान बांध. गावाले जायचं."

भावाला त्यांनी फक्त "शेत पाहाले पाहिजे" म्हणून सांगितलं. वाद नाही, भांडण नाही, पाया पडून निघाले. मी पडले नाही.

पुढं अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापूस जसा चढला तसा कोसळला. अमरावतीचं घर दुसऱ्याचं झालं. भासरे आणि जाऊबाई गावी आमच्याकडे आले. जाऊबाईंना मी माझ्याजवळची खोली दिली आणि परसात वांग्यांना जागा दिली. भासऱ्यांना मी दोन वेळा गरम वाढलं, आजारपणात औषध दिलं. पण त्यांच्यापुढं पदर पुन्हा तोंडावर ओढला नाही. "जेवाले या," असं सरळ म्हणायची. त्यांना ते सोसत नसे. ते ताटाकडे बघून जेवत.

गावातली माणसं ओट्यावर येऊन बसली की भासरे अमरावतीच्या गोष्टी सांगत. एकदा मी आतून ऐकलं. "माह्या दारापुढं लॉन होतं," ते सांगत होते. "साहेब पाहाले यायचा. अन् माह्या या भावानं ते सोताच्या हातानं कसं राखलं होतं! दुसऱ्याले हात लावू देत नव्हता." घरधनी तिथंच बसले होते.

माझ्या हातातली परात खाली पडली. लोक गेल्यावर मी घरधन्यांना गोठ्यात गाठलं. इतक्या वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

"तुमी ऐकून काहून घेता?" मी म्हटलं. "अन् तवा गाठ काहून मारली दोराले?"

त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मी टाकनारच होतो तो दोर. त्याच दिवशी. तेवढा पट्टा झाला का टाकनार होतो. तू आली अन् तोडला. मंग मी टाकला असता तं लोक म्हनाले असते, बायकोनं सोडवलं."

"मंग चामड्याचा पट्टा येईतोवर ओढत काहून राहिले?"

ते कडब्याकडे वळले. त्यांचं म्हणणं मला तेव्हा खरं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "नको वाटू दे," आणि कडब्याची पेंढी सोडायला लागले.